क्लोव्हरची पंगत

सगळं रान तपकिरी झालं तरी क्लोव्हर, हा तीन दलांच्या पानांचा चारा, हिरवाच राहतो. नोव्हेंबर लागलाय, सकाळी गवतावर पांढरं साचलेलं असतं, मेपलची पानं कधीच गळून कुजायला लागली आहेत, आणि आमच्या जमिनीच्या मधोमध ही लांबट पट्टी अशी ताजी दिसते की कुणी आत्ताच पाणी मारून गेलंय. यंदा पीक चांगलं आलं. चांगलं पीक आलं की मला बरं वाटतं. माझं माहेर कोल्हापूरकडचं, उसाचं. पण यंदा पट्टीच्या कडेला मी फार वेळ थांबत नाही. तण बघते, कुठे किती खाल्लंय ते बघते, आणि निघते.

मिशिगनमध्ये ट्रॉयला आमचं घर आहे. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी बघते. म्हणजे कुठल्या भागात काय बिघडलं आणि ते का बिघडलं हे शोधण्याचे मला पैसे मिळतात. ही जमीन ट्रॉयहून उत्तरेला काही तासांवर आहे. चाळीस एकर, त्यातलं बहुतेक जंगल, आणि एक जुनी लाकडी केबिन. घेतली तेव्हा सुधीर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला होता, "वीकेंडला शांतता मिळेल." मी पहिल्याच फेरीत जंगलात शिरले आणि माझ्या लक्षात आलं की इथे काहीतरी बिघडलंय. जमिनीपासून छातीपर्यंत सगळं रिकामं. वर झाडं, खाली पाचोळा, मधे काहीच नाही. ओकचं एक रोप दिसेना. हरणांनी सगळं ओरबाडून खाल्लं होतं. हरणं फार झाली होती आणि त्यातली निम्मी कुपोषित होती.

शेजारच्या रॉनने मला जंगल वाचायला शिकवलं. हा निवृत्त ट्रकचालक, जन्मभराचा शिकारी. तो म्हणाला, दोन गोष्टी कर: खाणं वाढव आणि खाणारी तोंडं कमी कर. मला हे पटलं. कारखान्यातसुद्धा असंच असतं. मग आम्ही हिवाळ्यात अ‍ॅस्पनची म्हातारी झाडं पाडली, म्हणजे ऊन खाली पोहोचलं आणि मुळांतून नवे कोंब आले. काही झाडं अर्धीच कापून आडवी केली, हरणांना लपायला. सीडरची दाटी आहे तिथे वर्षभर पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं. ती त्यांची निजायची खोली. रानटी सफरचंदांची छाटणी केली. मधल्या मोकळ्या जागेत क्लोव्हर पेरला. पट्टीच्या टोकाला एक मचाण बांधलं. आणि दर नोव्हेंबरात, शिकारीचा सीझन उघडला की, त्या मचाणावर बसून मी एखाद-दुसरी मादी मारते.

माझा हात स्थिर आहे. ट्रॉयच्या महाराष्ट्र मंडळात मी हे सांगत नाही, एवढंच. "वीकेंडला तिकडे काय करता गं?" असं शुभांगीने विचारलं की मी म्हणते, "झाडं लावतो." ती म्हणते, "कित्ती छान! हरणं येतात का?" मी म्हणते, "येतात ना." शब्दन् शब्द खरा. मग आम्ही साबुदाणा वड्याची रेसिपी बोलतो.

मारण्याची लाज मला तेव्हा वाटत नव्हती. आजही, खरं सांगायचं तर, त्याची वाटत नाही. मांस आम्ही वर्षभर खातो, काही वाया जात नाही, आणि ओकची रोपं आता माझ्या गुडघ्यापर्यंत आली आहेत. माझी लाज दुसऱ्याच ठिकाणी आहे. ती गेल्या वर्षीच्या शरदातली आहे, आणि ह्या हिरव्या पट्टीबरोबर दरवर्षी उगवणार असं दिसतंय.

गेल्या वर्षी सासूबाई आल्या होत्या. साताऱ्याच्या. सासरे गेल्यानंतरची पहिलीच खेप. सुधीरला ऑफिसला जावं लागतं, माझं काम घरून चालतं, म्हणून शरदातले बरेच दिवस आम्ही दोघीच केबिनवर होतो. त्या पूर्ण शाकाहारी. पण मी काय करते हे त्यांच्यापासून लपवलेलं नव्हतं. लग्नानंतरच त्यांनी एकदा म्हणून टाकलं होतं, "तुमच्याकडे चालतं, ते माहीत असूनच आणली तुला. आता काय रडायचं!" त्यांनी स्वयंपाकघराचा एक ओटा आपला ठरवला, त्यावर माझा चाकू यायचा नाही, आणि आमचं उत्तम चाललं होतं.

पहिल्या दिवशी क्लोव्हर बघून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अगं, एवढी मेथी कोण निवडणार?"

"मेथी नाही आई. हरणांसाठी आहे."

"दिसते तर तशीच." त्यांनी एक पान तोडून चावून बघितलं. "बेचव आहे. पण कोवळी आहे. खातील बिचारी."

त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी यायची. साताऱ्याला त्या रोज पहिली पोळी बाजूला काढतात. वर तूप, गुळाचा खडा. गोग्रास. गल्लीतली गाय ठरलेल्या वेळी फाटकाशी येते. लग्न झाल्यापासून त्यात खंड नाही. सासरे गेले त्या दिवशीही शेजारणीकडून पोळी करून घेतली होती. अमेरिकेत आल्यावर मात्र पंचाईत झाली. ट्रॉयच्या घरामागे त्या पोळी ठेवायच्या आणि खार यायची. "खारीला काय घालायचं! ती उभ्या उभ्या गुळाचा खडा पळवते आणि पोळी तशीच," अशी त्यांची तक्रार होती.

केबिनवर आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मनीषा, हरणाला खूर असतात ना?"

"असतात."

"दोन भागांचे?"

"हो."

"आणि रवंथ करतं?"

"करतं."

"मग झालं तर!"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्यांची स्वारी निघायला लागली. साडीवर सुधीरचं जुनं जाड जॅकेट, पायांत स्पोर्ट्स शूज, डोक्याला लोकरी टोपी, हातात कागदी बशी. क्लोव्हरच्या कडेला एक मोठा सपाट दगड आहे, त्यावर पोळी ठेवायच्या, हात जोडायच्या, आणि मागे न बघता परत यायच्या. देणाऱ्याने खाणाऱ्याकडे बघत उभं राहू नये, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या भागात हरणांना असं खायला घालायला कायद्याने बंदी आहे. एका जागी खाणं टाकलं की हरणं तोंडाला तोंड लावून खातात आणि रोग पसरतो. पेरलेलं शेत चालतं. टाकलेलं अन्न चालत नाही. हे त्यांना नीट सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांना समजलंही असतं. पण सकाळी माझ्या मीटिंगा असायच्या, आणि सासरे गेल्यानंतर बाई पहिल्यांदाच गुणगुणत पोळ्या लाटत होत्या. मी सोपं उत्तर काढलं. त्या परत येऊन आंघोळीला गेल्या की मी नारिंगी जॅकेट घालून जायची, पोळी उचलायची, पिशवीत टाकायची. पिशवी कचऱ्याच्या डब्यात, वर घट्ट झाकण. कायदाही सांभाळला, सासूबाईही. माझ्या धंद्यात ह्याला चांगली दुरुस्ती म्हणतात: कुणाला कळत नाही आणि लाइन थांबत नाही.

त्या आंघोळीहून आल्या की खिडकीतून दगड बघायच्या. "खाल्लं बघ सगळं. गुळसुद्धा ठेवला नाही."

"हो का?" मी लॅपटॉपवरून डोकं न उचलता म्हणायची.

मग त्यांनी हरणांना ओळखायला सुरुवात केली. एका मादीच्या कानाला फाटलेली चीर होती. तीच येते, असं त्यांनी ठरवून टाकलं. "तिला गूळ आवडतो. काल मला बघून पळालीसुद्धा नाही, नुसती मान वर केली." फोनवर साताऱ्याला जाऊबाईंना सांगायच्या, "इथे माझी एक लेक आहे, रोज जेवायला येते." मी हे ऐकायची, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन जायची.

सीझन उघडायच्या आधी केतकी शिकागोहून आली. आमची मुलगी. तिची नोकरी तिकडे. आजीवर तिचा फार जीव. मधे एकदा ती येऊन गेली होती, तेव्हा तिने आजीसाठी एक गंमत केली होती आणि मला सांगितलं नव्हतं. शिकारी लोक झाडाला कॅमेरा बांधतात, समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. तसा एक छोटा कॅमेरा तिने दगडासमोरच्या झाडाला बांधला होता. आजीला तिच्या हरणाचे फोटो साताऱ्याला घेऊन जाता यावेत म्हणून. आल्या आल्या तिने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून आणलं, टेबलावर लॅपटॉप उघडला, आजीला शेजारी बसवलं. "आजी, रेडी? धिस इज फॉर यू."

मी ओट्याशी कांदा चिरत होते. मला अजून कळलं नव्हतं.

पहिला फोटो: आजी, टोपीत, हात जोडून. केतकी ओरडली, "सो क्यूट!" दुसरा: नुसता दगड, वर पोळी. तिसरा: मी.

पाठमोरी मी. नारिंगी जॅकेट, हातात काळी पिशवी. पुढचा फोटो, दुसरी सकाळ: आजी. मग पोळी. मग मी. आजी, पोळी, मी. केतकी बटण दाबत राहिली, मला वाटतं थांबायचं कसं हेच तिला सुचत नव्हतं. एका फोटोत मी वाकलेली होते. एका फोटोत कॅमेऱ्याकडे तोंड करून, घाईत, पोळीचा मोठा तुकडा तोंडात घालत होते. त्या दिवशी नाश्ता राहिला होता, आणि तूप-गूळ लावलेली पोळी होती.

सासूबाई हसल्या. अगदी खळखळून. "घ्या! गाईचा घास सुनेने खाल्ला!"

केतकी हसली, मीही हसले. वाटलं, निभावलं.

"एका दिवसाचा तुझ्या पोटात तरी गेला," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "बाकीचे काय केलेस गं?"

लाज सगळ्यांत आधी कानांना कळते. माझे कान तापले. "कचऱ्यात," मी म्हणाले.

"कचऱ्यात," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो. शब्द नीट ऐकला की नाही याची खात्री करत होत्या.

"आई, दॅट्स ऑफुल," केतकी मला म्हणाली.

मग मी भराभर बोलले. कायदा सांगितला, रोग सांगितला, तोंडाला तोंड लागणं सांगितलं. सगळं खरं होतं आणि सगळं उशिरा होतं. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खिडकीकडे हात केला. "आणि ते? ते तू पेरलंस ते?"

"ते शेत आहे, आई. शेत चालतं."

"म्हणजे पान वाढून दिलं तर गुन्हा, आणि पंगत मांडली तर नाही."

"शेतात ती पांगून खातात…"

"असेल. तू शिकलेली आहेस, तुझं बरोबरच असेल." हे टोमण्याने म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. त्या खरंच तसं समजत होत्या. "मला एवढंच सांग, मी तिला घालत होते ते तिचं पोट भरावं म्हणून. तू कशाला घालतेस?"

त्यांना माहीत होतं. मचाण त्याच खिडकीतून दिसतं. केतकी आमच्या दोघींकडे बघत होती, आणि मी परत कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या दगडाकडे गेल्या नाहीत. पोळ्या केल्या. पहिली बाजूला काढली, तूप लावलं, गुळाचा खडा ठेवला, आणि बशी माझ्यासमोर आणून ठेवली.

"आई, मी नंतर…"

"खा. डब्यात जाण्यापेक्षा बरं."

रागाने नाही. त्यांना तो घास कुणाच्या तरी तोंडी घालायचा होता, आणि तिथे मीच होते. मग रोज तेच. मीटिंग चालू असली तरी बशी यायची, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरून सरकवली जायची. मी माइक बंद करून खायची. इतकी मऊ पोळी मी त्या घरात दुसरी खाल्ली नाही, आणि इतकी जड पण नाही. त्या हात मात्र जोडायच्या नाहीत. आणि उभ्या राहून बघायच्या, संपेपर्यंत.

सीझन उघडला. मी मचाणावर जाऊन बसले. जाऊ नये असा विचार मनात आला नाही. परवाना होता, माद्या जास्त होत्या, वर्षाचं मांस भरायचं होतं. उन्हं कलताना सीडरच्या दाटीतून चार हरणं आली आणि क्लोव्हरमध्ये पांगली. त्यातली एक मादी मचाणाच्या बाजूला आली, आडवी उभी राहिली आणि खायला लागली. खाणारं हरीण स्थिर असतं. पट्टी पेरायची ती त्याचसाठी. मी कान बघितले, दोन्ही धड होते. हे बघितलं, हे मला स्वतःविषयी आवडलेलं नाही. जणू चिरलेल्या कानाची वगळली की सासूबाईंचा हिशेब चुकता झाला. मग गोळी झाडली. ती जागच्या जागी पडली. स्वच्छ काम.

रॉन त्याची छोटी गाडी घेऊन आला, आम्ही तिला केबिनच्या मागे आणली. अशा वेळी सासूबाई दार लावून आत बसतील असं आम्ही धरून चाललो होतो. त्या बाहेर आल्या. सुधीरचं जॅकेट घालून, सावकाश, जिन्याचा कठडा धरत. रॉनने टोपी काढली. त्याला वाटलं, म्हाताऱ्या बाईंना प्रार्थना करायची आहे.

त्या खाली बसल्या. आधी कान चाचपले, दोन्ही. मग मानेवरून हात फिरवत तोंडापर्यंत आणला आणि बोटाने ओठ बाजूला केला. आत क्लोव्हर होता. चावून अर्धवट झालेला, दाढांमध्ये, ओला. एक पूर्ण पान ओठाला चिकटलेलं, तिन्ही दलं शाबूत.

"मनीषा," त्या म्हणाल्या, "घास तरी गिळू द्यायचास."

एवढंच. रॉनने विचारलं, काय म्हणाल्या? मी त्याला म्हटलं, छान आहे म्हणाल्या.

तोवर मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते.

दुसऱ्या सकाळी मी टेबलाशी बसले होते. कधी नव्हे ते वेळेवर, लॅपटॉप न उघडता. मला ती बशी हवी होती, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पोळ्या केल्या. पहिली झाली, तिच्यावर दुसरी ठेवली, तिच्यावर तिसरी. बाजूला काही काढलं नाही. सगळ्या एकावर एक रचल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि डबा बंद केला. मी तोंड उघडलं होतं काही बोलायला. त्या हात धुवत होत्या. लग्न झाल्यापासून, सासरे गेले त्या दिवशीही न मोडलेली गोष्ट माझ्या स्वयंपाकघरात मोडली, आणि मी उठून चहा केला.

आठवड्याभराने त्या साताऱ्याला परतल्या. विमानतळावर केतकीला जवळ घेतलं, मला जवळ घेतलं, नेहमीसारखंच. तिकडे फाटकाशी पुन्हा पोळी जाते का, हे मी विचारलेलं नाही. जात नसेल तर काय, ह्याची भीती वाटते. जात असेल तर मला सुटल्यासारखं वाटेल, आणि तसं वाटून घ्यायचा मला हक्क नाही. फोनवर आम्ही गुडघेदुखीबद्दल बोलतो. त्या कधीमधी विचारतात, "थंडी पडली का?" मी म्हणते, "पडली." क्लोव्हरबद्दल त्या विचारत नाहीत. त्यांच्यात तेवढी सभ्यता आहे.

माझं काम चूक शोधण्याचं. इथेही मी शोधली. आधी वाटलं, न सांगणं ही चूक. मग वाटलं, पिशवी ही चूक. मग वाटलं, ती बाई चूक, सगळ्या जगाला आपला गोठा समजणारी. असं वाटलं त्याचीही लाज वाटली. शेवटी एवढंच हाती लागतं की एकाच जागी आम्ही दोघी अन्न ठेवत होतो, आणि माझी बाजू कायद्याने, शास्त्राने, रोपांच्या उंचीने, सगळ्याने बरोबर ठरते. तरी त्यांच्यासमोर मला मान वर करता येत नाही.

यंदाचा सीझन परवा उघडला. काल संध्याकाळी मी मचाणावर होते. वारा पडला होता. एक मादी आली, तब्येतीने चांगली, अगदी हवी तशी आडवी उभी राहिली. मी रायफल खांद्याला लावली. दुर्बिणीतून तिचा जबडा दिसत होता, हलणारा. म्हटलं, घास गिळू दे. तिने गिळला, गळ्यावरून खाली जाताना दिसला. मी बोट ट्रिगरवर आणलं तोवर तिने मान खाली घातली आणि दुसरा तोडला. म्हटलं, हाही होऊ दे. तिसरा. चौथा. एवढी वर्षं मी त्यांना बघतेय, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं की त्या तोंडाला मधे विश्रांतीच नसते. एक संपण्याआधी दुसरा असतो. मी हाताला रग लागेपर्यंत तशीच बसले. उजेड गेला, गोळी झाडायची कायद्याची वेळ संपली, आणि ती अंधुकशा पट्टीत अजून खातच होती. तिला कसलीच घाई नव्हती. पंगत माझीच होती.

सुधीर केबिनच्या दारात उभा होता. "काही आलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग एवढा वेळ काय करत होतीस?"

मी रायफल रिकामी केली, बूट काढले. तो उत्तराची वाट बघत होता.

"थांबले होते," मी म्हणाले.